सातव्या दिवसाची उजळणी

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अकराला आटोपला. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, बाबांबद्दल चार चांगले शब्द सांगितले, त्यातले दोन खरे होते, आणि वरण-भात, वांग्याची भाजी जेवून ते साडेबाराच्या मोटारीनं मूर्तिजापूरला गेले. शेजारपाजारची मंडळी उठली. त्यानंतर घरात जे उरले त्यांना दुःखाशिवाय दुसरंही एक काम होतं. ते काम म्हणजे मी.

मला दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं, मुंबईला जायचं होतं. बुधवारी दंतवैद्यकाच्या वरच्या पदवीसाठी निवड परीक्षा होती. जागा चार. माझा अर्ज बाबांनी स्वतः रजिस्टर करून पाठवला होता आणि पावती जपून ठेवली होती. अकोल्याच्या पोस्टात तेवीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाचा टपालावर जेवढा विश्वास असतो तेवढाच त्यांचा होता. अर्ज पोचला. मागच्या सोमवारी बाबा दुपारच्या फेरीहून आले, सायकल भिंतीला लावली, ओट्यावर बसले आणि उठले नाहीत.

त्या आठवड्यात घरी माणसांची रीघ होती. जुन्या शहरातली निम्मी गल्ली, पोस्टातले लोक, भातकुलीकडचे लांबचे नातेवाईक. येणारा माणूस आधी आईजवळ बसून डोळे पुशी आणि जाताना माझ्यापुढे तोंड उघडी. अकोल्यात दातांची डॉक्टर झालेली आपल्यातली मुलगी मी एकटीच, आणि एरवी माझ्याकडे दवाखान्यात यायचं म्हणजे रांगेत बसावं लागे. मी कुणाला नाही म्हटलं नाही. हाताला काम होतं. उजेडाकडे तोंड करा, जीभ बाजूला घ्या, असं सांगताना माझा आवाज नेहमीसारखा निघतो हे माझ्या लक्षात आलं होतं.

तर त्या रविवारी दुपारी ओसरीत पाच माणसं बसली होती आणि आतल्या खोलीच्या दाराशी, चौकटीच्या आड, आई.

पंचफुलाआत्या बाबांची धाकटी बहीण. अमरावतीला दाईचं काम करी, आवाज मोठा, मिश्री लावून दात काळे. माझं स्थळ तिनंच आणलं होतं आणि स्थळाच्या वडलांनाही सोबत आणलं होतं. देवमन मास्तर, अमरावतीच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त, पांढरी टोपी, एका बाजूनं जेवणारे. त्यांचा मुलगा चंद्रभान अकोल्याच्या पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होता. तो आला नव्हता. त्याच्याऐवजी त्याचा पगार आत्यानं सगळ्यांना सांगून ठेवला होता. माझा भाऊ धर्मपाल अमरावतीच्या कचेरीत कारकून, सभेत चांगलं बोलणारा. आणि बाबांचे थोरले भाऊ बुधाजी, आम्हा मुलांचे मोठेबाबा. अमरावतीच्या एका छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं खिळे जुळवले होते. शिशानं त्यांच्या उजव्या हाताची बोटं कायमची काळपट झाली होती. सत्तावन साली मला मुंबईला शिकायला पाठवू नये म्हणून बाबांशी भांडले ते हेच. तो वाद ते हरले होते. आता बाबा नव्हते, म्हणजे शब्द त्यांचा होता, आणि मेलेल्या भावाशी जुना वाद जिंकणं किती सोपं आहे हे ओसरीतल्या सगळ्यांना दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं. त्यामुळे ते जेवणापासून काही बोलले नव्हते.

आत्यानं सुरुवात केली. घरात मरण झालं की लग्न वर्षाच्या आत करायचं. वर्ष उलटलं तर तीन वर्षं थांबायचं. मुंबईची पदवी दोन वर्षांची. म्हणजे हिशेब सरळ होता.

धर्मपाल म्हणाला, ही रीत आपण सोडली. आठ वर्षं झाली सोडून.

"कोणत्या प्रतिज्ञेत सोडली ते दाखव," आत्या म्हणाली. "बावीस हायेत. मले पाठ हायेत. लग्नाचं वर्ष त्यात कुठीच नाई."

"नावानं नसंल आत्या, पण अर्थ..."

"मंग नावानं दाखव."

सकाळीच विहिरीजवळ धर्मपालनं मला सांगितलं होतं की तो माझ्या बाजूनं आहे, शेवटपर्यंत. आता तो शेवट फार लांब नव्हता. तो म्हणाला, रीत म्हणून आपण हे मानणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. पण निव्वळ व्यवहार म्हणून पाहिलं तर लग्न वर्षाच्या आत झालेलं सगळ्यांच्याच सोयीचं. मास्तरांनी मान डोलावली. एक जुनी रीत तत्त्व म्हणून बाहेर गेली आणि व्यवहार म्हणून त्याच दारानं आत आली, हे इतकं सहज झालं की मला भावाचं कौतुकच वाटलं.

धर्मपालवर मी पुढे कित्येक वर्षं राग धरला, म्हणून त्याच्या बाजूचंही लिहिते. त्यानं ते मला स्वतःच एकदा सांगितलं, त्याच्या मुलाच्या बारशाच्या दिवशी. त्या दुपारी तो माझा विचार करतच नव्हता. मी मुंबईला गेले तर आईला अमरावतीला न्यावं लागेल. त्याची खोली एक. त्याची बायको दुर्गा आणि आई एका चुलीशी आठ दिवसही नांदत नाहीत. माझं लग्न झालं तर मी आणि चंद्रभान अकोल्यातच राहू, आणि आईचं घर आईजवळ राहील. माझ्या भविष्याबद्दल बोलताना त्याच्या डोळ्यांपुढे एक चूल होती. मला वाटतं त्या ओसरीत प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे असंच काहीतरी होतं, आणि सगळे माझ्या कल्याणाबद्दल बोलत होते.

"पोरगी काय म्हणते?" मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, मला परीक्षेला बसायचं आहे. त्यावर सगळ्यांनी मोठ्याबाबांकडे पाहिलं.

मोठ्याबाबांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली. खालची, उजवी. तिथली हिरडी पांढरी पडत चालली आहे हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं.

"जाऊन नापासच व्हायचं असन तं जायचं कायले?" ते म्हणाले. "वही आन तुयी. इचारतो मी."

आता त्या वहीबद्दल सांगायला हवं.

दोन वर्षं मी दवाखान्यातून आले की संध्याकाळी उजळणी करी. दोनशे पानी वही. डाव्या पानावर प्रश्न, उजव्यावर उत्तर, सगळं इंग्रजीत, माझ्या अक्षरात. प्रश्न दोनशे चाळीस. बाबा ती मांडीवर घेऊन विचारत. त्यांना इंग्रजी वाचता येई, कळत नसे. पत्त्याला तेवढं पुरतं. "अपर कॅनाइन" ते "अप्पर कामठा" म्हणावं तसं म्हणत, जणू ते गावाचं नाव आहे आणि तिथे कुणीतरी राहतं. मी उत्तर दिलं की पोस्टातल्या निळ्या पेन्सिलनं बरोबरची खूण करत आणि पुढच्या घराकडे वळावं तसे पुढच्या प्रश्नाकडे वळत. अशा तीन फेऱ्या झाल्या. दोनशे चाळीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे तीन निळ्या खुणा. एकही गाळलेली नाही. हे पाहून कोणत्याही शहाण्या माणसाला शंका यायला हवी होती. मला अभिमान वाटला होता.

मी वही आणली. मोठ्याबाबांनी चष्मा लावला, आणि वही डोळ्यांपासून हातभर लांब, जरा तिरपी धरली. छापखान्यात उलट्या अक्षरांची ओळ वाचताना धरतात तशी. इंग्रजी त्यांनाही कळत नव्हतं. पण इंग्रजी अक्षरांतून त्यांनी एकतीस वर्षं सरकारी तक्ते, वकिलांच्या नोटिसा आणि एका कॉलेजाचं वार्षिक जुळवलं होतं.

पहिले आठ प्रश्न सरळ गेले. दुधाचे दात किती, वीस. कायमची पहिली दाढ कोणत्या वर्षी येते, सहाव्या. दाताच्या वरच्या कवचात खनिजाचं प्रमाण किती, शेकडा शहाण्णव. लाळेची सगळ्यात मोठी ग्रंथी कोणती, कानाजवळची, पॅरोटिड. मी इंग्रजीत सांगे, मोठेबाबा बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवत, आणि "हं" म्हणत. आत्यानं पोळ्यांची टोपली झाकली. मास्तर ऐकत होते. मुलांची उजळणी घेण्याचा आवाज त्यांना सवयीचा होता.

नववा प्रश्न त्या ग्रंथीच्या नळीचा होता. ती गालात कुठे उघडते.

"अपर फर्स्ट मोलरसमोर," मी म्हटलं. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेसमोर.

मोठ्याबाबांचं बोट थांबलं.

"नाई," ते म्हणाले.

"आहे मोठेबाबा. अपर फर्स्ट मोलर."

"अपर हाये. मोलर हाये. मंधात तू म्हणतं थे नाई." त्यांनी अक्षरं एकेक करून वाचली. "एस. ई. सी. ओ. एन. डी. हे फर्स्ट होते का?"

ते सेकंड होतं. दुसरी दाढ. मी वही पाहिली. माझंच अक्षर, दुसरी दाढ, आणि पुढे तीन निळ्या खुणा. तीन वेळा मी बाबांपुढे पहिली म्हटलं होतं आणि तीन वेळा त्यांनी ते पोचवून टाकलं होतं.

"होते एखांदी," धर्मपाल म्हणाला.

"होऊ दे. म्होरं," मोठेबाबा म्हणाले.

पुढचं मी सविस्तर लिहीत नाही. वरचा सुळा कधी येतो याला मी खालच्या सुळ्याचं वय सांगितलं; अकरा-बाराच्या जागी नऊ-दहा. दात काढल्यावर खड्डा कोरडा पडून ठणकायला लागतो तो साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. मी दुसऱ्या म्हटलं. भरायच्या मिश्रणात चांदी किती याला पाच टक्के कमी सांगितले. वरच्या पहिल्या दाढेचं एक मूळ असं असतं की त्याला बाकीच्या मुळांची शीर पोचत नाही, दुसरीकडून येते. ते मूळ मी विसरले. वीस प्रश्न झाले तेव्हा तेरा बरोबर होते आणि सात चूक. आणि वीसच्या वीस प्रश्नांपुढे बाबांच्या खुणा होत्या.

मोठ्याबाबांनी मोठ्यानं आकडा सांगितला नाही. पण आत्या बोटांवर मोजत होती.

"सात," ती म्हणाली. तिला आनंद झाला नव्हता. ती तशी नव्हती. तिला फक्त वाटलं की बाई, सुटलो. आता कुणाचं मन मोडल्यावाचून हे मिटलं. हे तिनंच मला मागाहून सांगितलं, आणि वर म्हणाली की बाळंतिणीला कळा कमी झाल्या की दाईला असंच वाटतं, आणि तेच वाईट लक्षण असतं.

तेव्हा आई बोलली.

आई मोठ्याबाबांशी कधी बोलत नसे. भासऱ्यापुढे धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडायचं नाही, ही रीतही आम्ही छप्पन साली सोडली होती. पण आईला तसं कुणी समोर येऊन सांगितलं नव्हतं. त्यांना काही सांगायचं असलं तर ती ते मुलांना सांगे, मुलं नसली तर भिंतीला. त्या दिवशी ती मला सांगत होती.

"सत्यभामे, मी तुया बाबाले एकडाव इचारलं होतं, तुमाले समजते का काई त्यातलं. तं थे म्हणे, समजाले काय लागते. पोरीचा आवाज अडला नाई म्हंजे पत्ता बरोबर हाये."

ती चौकटीतून एक पाऊल पुढे आली.

"मंग एक दिवस तुया आवाज अडला. दोन-चारदा अडला. तरी खुणा केल्याच त्याइनं. म्या पाह्यलं. मी म्हटलं, हे काय? तं म्हणे, आज थकून आली हाये थे."

तिनं पदर पुढे घेतला आणि पुन्हा चौकटीच्या आड झाली.

मला बाबांचा राग आला. सात दिवस त्यांच्याबद्दल माणसं जे बोलत होती ते ऐकून ते दिवसेंदिवस पातळ होत चालले होते. साधा माणूस, देवमाणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आता एकदम ते ओसरीत येऊन बसल्यासारखे झाले, पेन्सिल कानावर, माझी दोन वर्षं बिघडवून खुशीत असलेले. मला त्यांच्याशी कडकडून भांडायचं होतं. त्यांच्याशी भांडायला पुन्हा कधी मिळणार नव्हतं हे मला तेव्हा, त्या सातव्या दिवशी, पहिल्यांदा नीट कळलं. मी वहीची खालची कड सरळ करत बसले.

मास्तरांनी घसा साफ केला. ते वाईट माणूस नव्हते. विजय दिसला की उदार होणारे होते. ते म्हणाले, पोरीनं मनाला लावून घेऊ नये. आमच्या घरी तिला कुणी परीक्षा घेणार नाही. आहे ती पदवी आमच्या चंद्रभानला पुष्कळ झाली. लग्नानंतर तिनं दवाखानाही अगदी बंद करावा असं आम्ही म्हणत नाही. बायका, लेकरं जरूर पाहावीत.

"अन् माणसं?" आत्यानं विचारलं.

मास्तर जरा हसले. म्हणाले, आता पंचफुलाबाई, सुनेनं परक्या माणसाच्या तोंडात हात घालायचा म्हणजे लोक काय म्हणतील.

हे स्थळ आत्यानं आणलं होतं. चार वेळा अमरावती-अकोला केली होती. मास्तरांच्या बायकोला तिनं हळदीकुंकवाऐवजी काय चालतं हे समजावून सांगितलं होतं. मास्तरांनी ते एक वाक्य टाळलं असतं तर ती त्यांच्या बाजूनं शेवटपर्यंत लढली असती.

"मास्तर," ती शांतपणे म्हणाली, "माया हात कुठी कुठी गेला थे सांगू का तुमाले? तुमच्या दोन नातवायले मीच ओढून काढलं. तवा नाई म्हटलं कोणी काई."

धर्मपाल खोकला. आईच्या बाजूनं चौकटीआडून एक आवाज आला. हसण्यासारखा होता, पण सात दिवसांच्या दुखवट्याच्या घरात तसं म्हणता येत नाही. मास्तर म्हणाले, ते काम वेगळं. आत्या म्हणाली, हो, वेगळं. तोंड त्या मानानं बरंच स्वच्छ. आणि तिनं पाय पसरून भिंतीला पाठ लावली. म्हणजे ती आता कुणाच्याच बाजूनं नव्हती, आणि आत्या कुणाच्या बाजूनं नसणं हे मोठ्या मोर्च्याइतकं असतं.

"मोठे भाऊ तुम्ही आहात," मास्तर मोठ्याबाबांना म्हणाले. "सगळ्यांदेखत झालं ते झालं. वीसात सात. आता तुम्ही शब्द द्या म्हणजे मी चारच्या गाडीनं निघतो."

मोठेबाबा वही वाचत होते. ते एकविसाव्या प्रश्नावर होते, हे माझ्या लक्षात आलं. मग बाविसाव्या. ओठ हलत होते. मास्तरांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

त्यांनी वही घेतली ती मला अडवण्यासाठीच. ते त्यांनी कधी नाकारलं नाही. चुका सापडाव्यात म्हणूनच ते शोधत होते, आणि पहिली सापडली तेव्हा त्यांना बरं वाटलं. तिसऱ्या-चौथ्या चुकीला ते बरं वाटणं संपलं. पाचवीपासून ते माझे काका नव्हते, बाबांचे भाऊ नव्हते, सत्तावन सालचा वाद हरलेले नव्हते. त्यांच्यापुढे एक मजकूर होता, तो चुकीचा जुळला होता, आणि पुढे अजून दोनशे वीस ओळी होत्या.

"शब्द काय देऊ मास्तर?" ते म्हणाले. "हे तं पह्यलंच प्रूफ हाये."

मास्तरांना कळलं नाही.

"पह्यल्या प्रूफात चुका निंगतेतच. त्याच्यासाठीच काढते माणूस. वीसात सात म्हंजे लय वाईट नाई. आमच्या इथी एक मॅट्रिक झालेला पोरगा होता, त्याचे वीसात अकरा निंगत. चूक निंगाली म्हून कोणी कागद फेकून देते का? दोन प्रूफं पाह्यल्याबिगर मी एक फर्मा बी यंत्रावर जाऊ देल्ला नाई."

"पण बुधाजी, हे लग्नाचं..."

"लग्नाचं मायं मत थेच हाये. पोरीचं लग्न व्हावं. वर्साच्या आत व्हावं. थे मी मागाहून बोलीन. आता हे अर्धं हाये." त्यांनी वहीवर बोट टेकवलं. "जानरावनं, माया भावानं, हे असंच धाडलं असतं. तीनदा तपासून. सही करून." त्यांचा आवाज चढला नाही. "मायाच्यानं नाई होत."

माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "एकईस. सांग."

मास्तर थोडा वेळ बसले. एकविसावा झाला, बाविसावा चुकला, तेविसावा झाला. आपण अजून तिथे आहोत याची कुणालाच आठवण नाही असं दिसल्यावर ते उठले. टोपी नीट केली. आत्याकडे पाहून त्यांनी सांगितलं की त्यांना दुसरीकडूनही विचारणा आहे. आत्या म्हणाली, असंल. ते खरं होतं. चंद्रभानचं लग्न त्याच वैशाखात झालं आणि मुलगी चांगली होती.

मी त्यांना ओट्यापर्यंत पोचवायला गेले. पायऱ्या उतरून ते थांबले, गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाले की डाव्या बाजूला चार दिवसांपासून चावता येत नाही. मग त्यांनी तोंड उघडलं. मी हात धुतलेलाच होता. उन्हाकडे त्यांची मान वळवली आणि बोट घालून पाहिलं. खालची, मागून दुसरी, मुळापर्यंत किडलेली, बाजूला सूज.

"काढावी लागेल," मी म्हटलं. "पण सूज उतरल्यावर. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करा आणि अमरावतीच्या दवाखान्यात दाखवा."

"तुम्ही नाही काढणार?"

मी म्हटलं, मी उद्या मुंबईला चालले आहे. हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा इतकं सरळ उच्चारलं आणि ते ऐकायला फक्त मास्तर होते. ते तोंड धरून गेले.

आत आले तर मोठेबाबा जागचे हलले नव्हते. धर्मपालनं त्यांच्याजवळ बैठक घेतली होती आणि आपलं इंग्रजी चांगलं आहे, आपण विचारतो असं सुचवून पाहत होता. मोठेबाबा म्हणाले, नको, तुले समजते. समजणारा माणूस पुढचा शब्द स्वतःच वाचून टाकते, छापला असो का नसो. धर्मपालचा हा अपमान होता की स्तुती, हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो दुर्गाला पत्र लिहायला बसला.

आईनं चूल पेटवली. चहाचं भांडं ठेवताना ती माझ्याजवळ आली आणि खाली बसली.

"तू जाऊ नये असं वाटते मले," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते. मागून कोणी म्हणू नये का इनं हासत धाडली. एवढ्या घरात मी एकटी काय करू." मग म्हणाली, "पण मायं वाटणं धरून बसू नको. मले तं थे सायकल बी तथून हालवू नये असं वाटते."

मी तिचा हात धरला नाही. आमच्यात ती पद्धत नव्हती. चहाच्या कपांना कान होते का ते पाहत राहिले. मोठ्याबाबांनी ओसरीतून हाक मारली, बत्तीस.

सोमवारी दुपारपर्यंत एकशे दहा झाले. कुठल्याही उत्तराला ते "चालते" म्हणत नसत. अक्षर जुळलं तर पुढे, नाही जुळलं तर तोच प्रश्न दहा प्रश्नांनंतर पुन्हा, आणि मग वीस प्रश्नांनंतर पुन्हा. कंटाळा त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नाही, माया तर नाहीच. टांग्यात बसायच्या वेळी त्यांनी वही माझ्या हातात दिली, मग परत घेतली, आत जाऊन आपली पिशवी आणली आणि तेही टांग्यात चढले. आईला त्यांनी सांगितलं, म्हणजे धर्मपालला सांगितलं, की एकशे तीस राहिलेत.

गाडीत गर्दी होती. त्यांनी ट्रंकेवर बसून विचारलं, मी उभ्यानं सांगितलं. नांदगावजवळ समोरच्या बाकावरचे एक कापूस दलाल म्हणाले, बाई, वरचा सुळा अकरा-बारा. मघाशी तुम्हीच म्हणाल्या होत्या. मंगळवारी दादरला उतरेपर्यंत एकशे नव्वद झाले होते. संध्याकाळी ओळखीच्यांच्या खोलीत बसायचं ठरलं होतं, पण मोठ्याबाबांना गाडीतच ताप भरला होता. मी त्यांना गोळी देऊन झोपवलं आणि पन्नास प्रश्न तसेच राहिले.

बुधवारी अकरा ते दोन परीक्षा झाली. बाहेर आले तर ते समोरच्या फुटपाथवर, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते, अंगावर धाबळी, मांडीवर वही. कसं गेलं हे त्यांनी विचारलं नाही. हात पुढे करून छापलेला कागद मागितला. मी दिला. तो त्यांनी हातभर लांब धरून वरपासून खालपर्यंत वाचला. माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"दोन हायेत," ते म्हणाले.

"चुका? माझ्या?"

"तुया मले काय ठाऊक. छापणाऱ्याच्या. हे एन उलटं बसलं, त्याचं यू झालं. अन् इथी टिंब नाई." मुंबईबद्दल त्यांचं मत खाली आलेलं दिसलं. "किती आले वहीतले?"

मी म्हटलं, चौदा. पंधरावाही होता, पण तो राहिलेल्या पन्नासांतला.

"कोणता?"

पहिल्या कायमच्या दाढेची मुळं कोणत्या वयात पूर्ण होतात. मी सात ते आठ लिहिलं होतं. त्यांनी पानं उलटली. वेळ लागला. दोनशे अकरावा निघाला. बोट ठेवून त्यांनी ओळ जुळवली, मग पुन्हा पहिल्यापासून जुळवली.

"चूक," ते म्हणाले. "नऊ ते धा हाये."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. दगड तापलेला होता. म्हटलं, राहू द्या आता मोठेबाबा. झाली परीक्षा.

"तुयी झाली," त्यांनी चष्मा पुसला. "लेकरायच्या दाढा रायल्या न. सांग."

"नऊ ते दहा."

"हं," मोठेबाबा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. "दोनशे बारा."